ध्वनिक्षेपकापुढचा नट

कुसुमाग्रजांची जयंती दरवर्षी २७ फेब्रुवारीस नाशिकमध्ये मोठ्या आस्थेने साजरी होते. त्या दिवशीच्या भाषणांतून कवी येतो, नाटककार येतो, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात सामील झालेला तरुणही येतो. १९३४ साली गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’ या बोलपटात लक्ष्मणाची भूमिका करणारा नट मात्र सहसा येत नाही. दादासाहेब फाळक्यांनी याच गावी काढलेल्या मूकपटांपैकीही बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. नटाची कला किती लवकर दृष्टीआड होते, हे नाशिककरांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच पु. ल. देशपांडे या नटाच्या उपेक्षेचा प्रश्न येथे उपस्थित करावयास हरकत नसावी.

पु. लं.ची आणि उपेक्षा? प्रथमदर्शनी हे विधान विपरीत वाटेल. त्यांची पुस्तके घरोघर आहेत. २०१९ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, त्याच वर्षी त्यांच्यावर चरित्रपटही निघाला. पण हा सारा गौरव मुख्यतः लेखकाचा आणि ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करणाऱ्या प्रयोगकर्त्याचा आहे. त्याआधी दोन तपे जो मनुष्य कधी ध्वनिक्षेपकापुढे तर कधी कॅमेऱ्यापुढे उभा होता, त्याची वासलात चरित्रकार चार ओळींत लावतात. ‘पु. ल. काही काळ सिनेमात होते’ हे वाक्य तर अशा सुरात उच्चारले जाते की जणू तो तारुण्यातला एखादा आजार असावा.

वस्तुतः क्रम पाहण्यासारखा आहे. १९१९ साली जन्मलेल्या पु. लं.नी नभोवाणीवरील नाटिकांत भाग घ्यावयास आरंभ केला तो १९३७ साली. अनंत काणेकरांच्या ‘पैजार’ या नाटिकेत त्यांनी काम केले तेही त्याच वर्षी. तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. मराठी वाचकाला त्यांचा परिचय होण्यापूर्वीच मराठी श्रोत्याच्या कानी त्यांचा आवाज पडू लागला होता. पुढे शिक्षकी, प्राध्यापकी झाली आणि १९४७ च्या ‘कुबेर’पासून चित्रपटाचे पर्व सुरू झाले. ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’ आणि ‘जोहार मायबाप’ हे बोलपट याच काळातले. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त तर कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका ही सहाही कामे त्यांनी एकट्याने केली.

त्या चित्रपटाचे नाव निघाले की लोकांना भीमसेन जोशींच्या स्वरातला अभंग आठवतो, आणि ते योग्यही आहे. पण त्यातील भोळसट नायक पुन्हा एकदा पाहावा, किंबहुना डोळे मिटून ऐकावा. कॅमेऱ्याला चेहऱ्यावरची जी सूक्ष्म हालचाल हवी असते ती पु. लं.पाशी बेताचीच होती. त्यांचा अभिनय वसे तो आवाजात, शब्दाआधी घेतलेल्या क्षणभराच्या विरामात, वाक्याच्या शेवटी सोडून दिलेल्या श्वासात. पडद्यावरचे ते थोर नट नव्हते, हे त्यांच्या भक्तांनी मान्य करावे. परंतु केवळ कानांसाठी अभिनय करणारा त्यांच्या तोडीचा नट मराठीत क्वचितच झाला असेल.

१९५५ साली ते आकाशवाणीच्या नोकरीत शिरले, हा योगायोग म्हणूनच भाग्याचा. नभोनाट्यातील नटाला रंगभूषा नाही, वेशभूषा नाही, समोर टाळी देणारा प्रेक्षकही नाही. म्हातारा, पोर, कारकून, कीर्तनकार सारे काही कंठातून निर्माण करावयाचे आणि दूरच्या खेड्यात रेडिओभोवती बसलेल्या माणसांना ते दिसावयासही हवे! लिहिणे, बसवणे, पेटीवर बसणे, आयत्या वेळी दुसऱ्याची भूमिका निभावून नेणे या सर्वांची तालीम त्या बंद खोलीत झाली. १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली, तेव्हा एकच मनुष्य एवढी बिऱ्हाडे कशी नांदवतो, याचे प्रेक्षकांना नवल वाटले. नभोवाणीचा श्रोता असता तर त्याला इतके नवल वाटले नसते. आचार्य बाबा बर्वे किंवा राघूनाना सोमण यांना वेगळे कपडे लागले नाहीत, याचे कारण ध्वनिक्षेपकाने पु. लं.ना कपड्यांवाचून माणसे उभी करावयास आधीच शिकवले होते. ‘चाळ’ पुस्तकातून रंगमंचावर आली हे खरेच. पण तिची वाट आकाशवाणीच्या ध्वनिगृहातून गेली होती.

हे सिद्ध करावयाचे तर पुरावा हवा, आणि खरी अडचण तेथेच आहे. त्या काळी बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिफीत महाग असे. एकदा वापरलेली फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेण्याची रीत होती. काटकसर म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेथे जाऊन जुने चित्रपट पाहता तरी येतात. आकाशवाणीवरील जुन्या मराठी नभोनाट्यांची सर्वसामान्य अभ्यासकाला चाळता येईल अशी संपूर्ण सूची छापून काढणे, हे त्या मानाने किती अल्प खर्चाचे काम! कोणते नभोनाट्य, कोणत्या साली, कोणाच्या आवाजात, आणि फीत शाबूत आहे की नाही, एवढे चार रकाने भरले तरी पुरे.

शाळाही थोडे करू शकतील. पु. लं.चा धडा वर्गात वाचून दाखवताना शिक्षकाने तो विनोद समजावून सांगण्याऐवजी, जे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे ते ऐकवावे आणि विराम कोठे पडला ते मुलांना टिपून घ्यावयास सांगावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; ग्रंथांच्या कपाटांशेजारी तेथे दहा माणसे बसतील एवढा श्रवणकक्ष उघडला, तर येत्या ८ नोव्हेंबरला पु. लं.च्या तसबिरीस हार घालून झाल्यावर त्यांचा आवाजही ऐकता येईल.