राहा, पण कमवू नका!

अमेरिकेच्या पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालाचा टेक्सासपुरता सरळ मराठीत अर्थ एवढाच: राहा, पण कमवू नका. आईबापांच्या कडेवर बसून किंवा बोट धरून, कागदपत्रांविना त्या देशात आलेल्यांना हाकलणार नाही, असे न्यायालय म्हणते. मात्र त्यांना कामाचा परवाना देणे बेकायदा, असेही तेच न्यायालय म्हणते. घरात राहा, भाडे भरा, विजेचे बिल भरा. पैसे कुठून आणायचे ते तुमचे तुम्ही पाहा. आज ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना तूर्त धक्का नाही, अशी स्थगिती निकालाला जोडलेली आहे. तूर्त! २०१२ पासून ही माणसे या एका शब्दावर टांगलेली आहेत.

त्यांना मुले म्हणायचे ते केवळ सवयीने. १५ जून २०१२ रोजी बराक ओबामांनी व्हाइट हाउसच्या बागेत ही योजना जाहीर केली तेव्हा वयाची अट ३१ च्या आतली होती. त्या दिवशी तिशीत असलेला ‘मुलगा’ आज चाळिशीपार गेला. केस विरळ झाले, पदरी अमेरिकेत जन्मलेली म्हणून अमेरिकी नागरिक असलेली पोरे आली. आणि बाप मात्र दर दोन वर्षांनी ६०५ डॉलर भरून, आणखी दोन वर्षे राहू द्या म्हणून अर्ज करतो. ऑनलाइन भरले तर ५५५, एवढीच काय ती सवलत. योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘डाका’. मराठी कानाला तो खटकतो, आणि खटकावाच. नावाचा अर्थ तरी काय? लहानपणी आलेल्यांवरची कारवाई लांबणीवर टाकणे. माफी नाही, हक्क नाही, नागरिकत्व तर नाहीच नाही. आजवर आठ लाखांहून अधिक जणांना हे लांबणीवर टाकणे लाभले. २०२५ च्या आरंभी ते सव्वापाच लाखांच्या पुढेमागे होते. नव्यांना दार बंदच. २००७ च्या जूनपासून सलग वास्तव्य हवे, ही अट अजून तशीच आहे आणि आज शाळा संपवणारी मुले तेव्हा पाळण्यात होती किंवा जन्मायची होती. शिवाय २०२१ पासून नवे अर्ज घेतले जातात, फी जमा होते आणि फायली तशाच पडून राहतात.

न्यायालयाला शिव्या घालणे सोपे आहे. पण हा निकाल एकमुखी आहे. तिघा न्यायाधीशांपैकी एकाची नेमणूक रेगन यांनी केलेली, एकाची धाकट्या बुश यांनी, एकाची खुद्द ओबामांनी. अध्यक्षाला कलमाच्या एका फटक्यात असे करता येत नाही, हे ओबामा स्वतःच २०११ मध्ये सांगत होते; वर्षभरात निवडणूक आली आणि करता येऊ लागले. तेव्हा दोष न्यायालयाचा नाही. तो अमेरिकी काँग्रेसचा आहे, आणि तिथल्या दोन्ही पक्षांचा आहे. या मुलांना नागरिकत्वाची वाट देणारे ‘ड्रीम’ विधेयक सिनेटमध्ये २००१ साली आले. रिपब्लिकन ऑरिन हॅच आणि डेमोक्रॅट डिक डर्बिन असे दोघांचे अपत्य. २०१० च्या डिसेंबरात ते प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर अडकले. हवी होती साठ मते. विरोधात गेलेल्यांत पाच डेमोक्रॅट होते. पंचावन्न आणि पाच किती होतात हे पहिलीतले पोर सांगेल. आणि जन्मदाते हॅच? ते मतदानाला आलेच नाहीत. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ असे दणदणीत बहुमत दिले, तर प्रतिनिधिगृहाच्या सभापतींनी विधेयक पटलावरच घेतले नाही. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, तर सिनेटने घेतले नाही. एका सभागृहाने शिजवायचे आणि दुसऱ्याने सांडायचे, हा खेळ पाव शतक चालू आहे. दर निवडणुकीला हे भिजत घोंगडे बाहेर काढायचे, मते पिळून घ्यायची आणि पुन्हा भिजत टाकायचे.

यावर ठरलेला सल्ला असा, की मग त्यांनी कायद्याने रांगेत उभे राहावे. कोणत्या रांगेत? १९९६ च्या कायद्यानुसार, प्रौढपणी वर्षभराहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला की परतीचे दार दहा वर्षे बंद. म्हणजे रांगेत उभे राहण्यासाठी आधी त्या देशात जायचे जिथली भाषाही धड येत नाही, आणि दशकभर बसून राहायचे. दोन वर्षांच्या बाळाने सीमा ओलांडताना कोणता गुन्हा केला, याचे उत्तर या सल्लागारांपैकी कुणीही कधी दिलेले नाही. याच टेक्सासातल्या टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते हाणून पाडले, तीही तारीख १५ जूनच, साल १९८२. आईबापांच्या कृत्याचा दंड लेकरांना ठोठावणे न्यायात बसत नाही, असे न्या. ब्रेनन यांनी तेव्हा बजावले होते. शिकवा, हे ठरले. शिकून बाहेर पडल्यावर काय, हे ठरवायला चार दशके पुरली नाहीत.

वाट नाही असेही नाही. १९२९ पासून अमेरिकेत एक कायदा आहे: अमुक तारखेपूर्वी आलात आणि सलग राहिलात, वर्तन चांगले असेल, तर कायम वास्तव्याचा अर्ज करा, पुढे नागरिकत्व. ती तारीख वेळोवेळी पुढे सरकली. अखेरची सरकली १९८६ साली, रेगन यांच्या सहीने, १ जानेवारी १९७२ वर. तिथेच ती आजही थिजलेली आहे. त्याच १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख जण कायदेशीर झाले, आणि तेव्हाचे अध्यक्ष रिपब्लिकन होते याची आठवण आजच्या रिपब्लिकनांना कुणी करून देत नाही. तारीख पुढे सरकवण्याच्या कलेत आमचे मंत्रालय त्यांना शिकवणी देऊ शकेल. मुंबईतल्या झोपड्यांची तारीख आम्ही १९९५ वरून २००० वर आणि तिथून २०११ वर नेली. त्यात मतांचे राजकारण होते, हे खरेच. पण निदान जे माणूस समोर राहते आहे ते राहते आहे, एवढे तरी कबूल केले. नव्याने येणाऱ्यांना यातून आमंत्रण मिळेल ही भीती फोल आहे. तारीख मागची असते, पुढची नव्हे.

आता थोडे आपल्याकडे. हद्दपारीच्या घोषणांवर टाळ्या वाजवणाऱ्यांत आपले लोक कमी नाहीत. आम्ही रीतसर आलो, कर भरला, हे फुकटे कोण, असा सूर डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोपासून पुण्यातल्या त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत ऐकू येतो. त्यांनी जरा आपल्याच घरात डोकवावे. एच-१बी व्हिसावर गेलेल्यांची मुले एच-४ वर असतात ती एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. तोवर ग्रीन कार्ड आले नाही तर मूल आश्रित राहत नाही. दुसरा व्हिसा मिळवा, नाहीतर चालते व्हा. आणि ग्रीन कार्ड येणार कसे? नोकरीच्या वाटेने वर्षाला एक लाख ४० हजार, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतीयांच्या मोठ्या रांगांत २०२५ च्या आरंभी कुठे २०१२ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. २०१२ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल तोवर एकविशीला आले. अशी मुले अडीच लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. गंमत पाहा, यांना ‘डाका’चाही आसरा नाही. कारण २०१२ च्या त्या दिवशी तुम्ही बेकायदा असायला हवे होते, अशी अट आहे. कायदा पाळला, म्हणून अपात्र! यांच्यासाठीचे विधेयकही २०२१ आणि २०२३ मध्ये आले आणि घोंगड्याशेजारी भिजत पडले.

एवढ्यावर भागले नाही. सोमवारी, २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेताच ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर घाव घातला. कागदपत्रांविना आलेल्यांचेच नव्हे, तर तात्पुरत्या व्हिसावरच्या जोडप्यांचे तीस दिवसांनंतर तिथे जन्मणारे मूलही नागरिक ठरणार नाही, असा आदेश काढला. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि १८९८ चा वाँग किम आर्क खटल्याचा निकाल असताना हा आदेश टिकेल असे आम्हाला वाटत नाही. पण रविवारपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी मंगळवारी प्रसूतीच्या तारखांचे हिशेब सुरू झाले असतील तर नवल नाही. त्यांनी आपल्या मायदेशाचा कायदाही वाचावा. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मणाऱ्या मुलाचा एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा, तरच ते मूल जन्माने नागरिक. ट्रम्प आज जे मागतात त्याच्या जवळपासचे आपण वीस वर्षांपूर्वीच करून बसलो आहोत आणि त्यावर आपल्याकडे कुणाची झोप उडाली नाही.

या ‘ड्रीमर’ मुलांसाठी काहीतरी करायला हवे, असे ट्रम्प २०२४ च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर म्हणाले. २०१८ मध्येही ते १८ लाख जणांना नागरिकत्वाची वाट देऊ करत होते, बदल्यात सीमेवरच्या भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर मागून. सिनेटमध्ये त्यांच्या त्या प्रस्तावाला ३९ मते पडली. आता दोन्ही सभागृहे त्यांच्या पक्षाकडे आहेत. खरेच करायचे असेल तर भिंतीचा, तुरुंगांचा, इतर कशाचा सौदा न जोडता एका पानाचे विधेयक पुरे आहे: १९७२ खोडा आणि पुढची तारीख लिहा. टेक्सासचा खटला २०२५ मध्ये ह्यूस्टनला न्या. हेनन यांच्यासमोर परत गेला. त्यांनी ही योजना याआधी दोनदा बेकायदा ठरवलेली आहे. पुढचा आदेश येईपर्यंत नूतनीकरणाची खिडकी उघडी आहे. फी ६०५ डॉलर, मुदत दोन वर्षे.