मारणारा कोणत्या बाजूचा?

न्यूरेंबर्ग खटल्याच्या आरोपपत्रात एक कलम असे होते, की कातिनच्या जंगलात ११,००० पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल जर्मनांनी केली. हा आरोप सोव्हिएत वकिलांनी लावून धरला होता आणि न्यायासनावरही एक सोव्हिएत न्यायाधीश बसलेले होते. पुरावा टिकेना, तेव्हा १९४६ च्या निकालपत्रात कातिनचे नावच आले नाही. मग मारले कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्या न्यायालयाने दिले नाही. ही हत्या स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी केली होती, हे मॉस्कोने १९९० मध्ये कबूल केले. मारणारे जिंकलेल्यांच्या गोटातले होते, एवढ्याच कारणाने मृतांच्या घरच्यांना इतकी वर्षे धडधडीत खोटे ऐकून घ्यावे लागले.

जिंकलेल्यांनाही तेच माप लावा म्हटले, की हमखास उत्तर येते, आक्रमण करणारा आणि स्वतःला वाचवणारा एका तागडीत कसे बसतील? युद्ध कोणी सुरू केले, याचा हिशेब अवश्य वेगळा मांडावा. पण ते कसे लढले गेले, हा दुसरा प्रश्न आहे. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी एका रात्रीत टोकियोची लाकडी वस्ती पेटवली आणि सुमारे लाखभर माणसे होरपळून मेली. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यातल्या पोराबाळांनी केला नव्हता.

मात्र ‘त्यांनीही तेच केले’ म्हणून दोघांनाही मोकळे सोडणे, हा न्याय मला मान्य नाही. पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे इशारा न देता बुडवल्याचा ठपका जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झ यांच्यावर होता. पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून तसेच लढलो, असे अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल निमित्झ यांनी लेखी कळवले. तेव्हा न्यायालयाने तो नियमभंग शिक्षा ठरवताना धरलाच नाही. डोनिट्झना दहा वर्षांची कैद झाली ती इतर आरोपांवर. माप एकच लावले खरे, पण दोन्हीकडच्या बुडालेल्या खलाशांची दाद कुणीच घेतली नाही.

जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, आणि अणुबॉम्ब टाकणाऱ्यांवर बोट ठेवायलाही ते कचरले नाहीत. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. पण नानकिंगमध्ये जपानी सैन्याने अत्याचार केले, याचा पुरावा भरभक्कम असल्याचे त्यांनीच त्या निकालात नोंदवले आहे. जपानच्या युद्धमृतांच्या यासुकुनी देवळाच्या आवारात आज त्यांचे स्मारक उभे आहे. त्यांचे नाव घेऊन जपानला निष्कलंक ठरवणाऱ्यांनी ती पानेही वाचायला हवीत.