शंभरातली एक प्रत

स्क्रीन प्रिंट ही वस्तू आमच्या चोरखमाऱ्याला नवीन नाही. लग्नपत्रिका तिरोड्याहून याच पद्धतीने छापून आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. लाकडी चौकटीवर ताणलेले बारीक जाळीचे कापड, त्यावर शाई, आणि रबराच्या पट्टीने ती एकदा ओढायची. जाळीची जी छिद्रे बुजवलेली नाहीत तेवढ्यातूनच शाई कागदावर उतरते. जितके रंग तितक्या चौकटी. दोनशे पत्रिका हव्या, दोनशे काढा. सोयरे वाढले, आणखी पन्नास काढा. चौकट कधी नाही म्हणत नाही!

मकबूल फिदा हुसेन यांची चित्रेही याच रीतीने छापली गेली. फक्त तिथे तिला 'सेरिग्राफ' म्हणतात आणि खाली पेन्सिलीने १७/१०० असा काही आकडा घालतात. म्हणजे शंभर प्रतींपैकी सतरावी. शेजारी चित्रकाराची सही. ठरलेला आकडा पुरा झाला की छपाई बंद. तांब्याच्या पत्र्यावरची कोरणी छापता छापता झिजते, म्हणून तिथे प्रतींना मर्यादा पडते हे समजू शकते. परंतु जाळीच्या चौकटीतून सहज हजार प्रती निघतात. इथली मर्यादा कापडाची नाही, बाजाराची आहे.

कोणी म्हणेल, कलावंताने पोट कसे भरावे? प्रश्न रास्त आहे. पण पंढरपुरात जन्मलेले हुसेन एके काळी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत. ती चित्रे रस्त्यावरचा हमालही फुकट पाहत असे. त्याच्याही आधी, १८९४ साली, राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून छापलेली त्याची लक्ष्मी आणि सरस्वती, देवळाची पायरी ज्यांना बंद होती त्यांच्याही भिंतीवर जाऊन बसली. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, तिथल्या तसबिरींत आजही तोच चेहरामोहरा दिसतो. रविवर्म्याचे नाव मात्र विकणाऱ्याला विचारू नये!

आता माझे खरे दुखणे सांगतो. हुसेन यांनी १९७० च्या दशकात काढलेले सरस्वतीचे एक रेखाचित्र १९९६ मध्ये एका हिंदी मासिकात छापून आले आणि देशभर वादळ उठले. तक्रारी झाल्या, खटले झाले. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. 'भारतमाता' म्हणून गाजलेल्या चित्रावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनला देह ठेवला. आमच्या गावात हुसेनविषयी मत असलेली माणसे पुष्कळ आहेत, बाजूची आणि विरुद्धही. त्यांचे एखादे चित्र नीट पाहिलेला मात्र मला अद्याप एकही भेटला नाही. वाद नागझिऱ्याचे जंगल ओलांडून आमच्यापर्यंत आला, चित्र मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांतच राहिले. मग माणसे कशावर चिडली? ऐकीव गोष्टीवरच ना?

ज्या चित्रकाराला समाजाला डिवचायचे आहे त्याने जरूर डिवचावे. पण ज्याला डिवचायचे त्याच्यासमोर चित्र तरी ठेवावे! शंभर प्रती सही करून धनिकांना विकाव्या, आणि बिनसहीच्या, बिनआकड्याच्या हजार प्रती कला महाविद्यालयांना व खेड्यांतल्या वाचनालयांना कागद-शाईच्या किमतीत द्याव्या. हे छपाईपूर्वीच जाहीर केले म्हणजे सहीची प्रत घेणाऱ्याचीही फसवणूक नाही. आज जे मराठी चित्रकार जाळीवर काम करतात त्यांच्यापुढे आपल्या महाविद्यालयाने ही मागणी पत्राने मांडावी, असे माझे प्राध्यापक मंडळींना सांगणे आहे. पत्राचा मसुदा मी लिहून देतो.

आणि मंडईत देवांच्या तसबिरींशेजारी असा एखादा घोडा टांगलेला दिसलाच, तर आमची आजी आधी त्याची किंमत विचारील आणि मग त्याचे पाय असे वेडेवाकडे का, याबद्दल विकणाऱ्याशी भांडेल.