शांततेचे शब्दार्थ

इंग्रजी सुधारायचे तर मुलांना वर्तमानपत्र वाचायला लावा, असा उपदेश आम्हां मास्तरांना जो तो करीत असतो. मी तो शिरसावंद्य मानला. २०२५ च्या मे महिन्यात, सुट्टीतल्या शिकवणीला, युद्ध थांबल्याचे कात्रण घेऊन मी ओटीवर बसलो आणि बाजारी मार्गदर्शकातले शब्दार्थ फळ्यावर उतरवले. सीझफायर : शांतता. ट्रूस : तह. आर्मिस्टिस : तह. पीस ट्रीटी : तहच! मुलांनी घोकले, मी वह्यांवर सह्या केल्या.

१० मे रोजी संध्याकाळी पाचपासून भारत व पाकिस्तान यांनी गोळीबार थांबवायचे ठरवले होते. वर्गात एका फौजीची मुलगी होती. आठ दिवसांनी तिची आई आली. रागावली नाही. म्हणाली, "मास्तर, शांतता झाली म्हणून पोरगी रोज एस. टी. च्या थांब्यावर जाऊन बसते. तुम्हीच सांगा तिला."

त्या दिवसापासून माझे या शब्दार्थांशी भांडण आहे. मी पडलो मॅट्रिक. पण एवढे कळायला पदवी लागत नाही.

कोरियाचेच पाहा. १० जुलै १९५१ रोजी वाटाघाटी सुरू झाल्या. पुढे पानमुनजोमला दोन वर्षे चालल्या, आणि तिकडे लढाईही चालूच राहिली. बोलणी म्हणजे बंदुका थांबणे नव्हे! २७ जुलै १९५३ रोजी सही झाली ती आर्मिस्टिसवर. शांततेचा तह तिथे आजतागायत झालेला नाही. आणि बोलणी अडली होती कशावर? मुख्यतः 'रिपॅट्रिएशन' या शब्दावर. आमचे मार्गदर्शक 'परत पाठवणी' म्हणून मोकळे होतात. पण हजारो कैद्यांना आपल्या बाजूकडे परत जायचेच नव्हते. पुढे त्यांचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्या जनरल थिमय्यांकडे आले. त्या एका शब्दात किती जणांची घरे अडकली होती!

आणि 'द'? मुलाने तो गाळला की आम्ही अर्धा गुण कापतो आणि विसरतो. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात आहे. इंग्रजी मजकुरात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही; फ्रेंच मजकूर मात्र 'द' असल्यासारखा वाचता येतो. मग माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतून? त्यावर मुत्सद्दी अजून भांडतात. व्याकरणाचा तास रुक्ष असतो म्हणणाऱ्यांनी हा धडा एकदा घेऊन पाहावा.

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, "परीक्षेला एका शब्दाला एकच अर्थ पुरतो. पोरांच्या डोक्याला भार कशाला?" भार कसला? मराठी का इतकी दरिद्री आहे? बोलणी, युद्धबंदी, शस्त्रसंधी, तह, सलोखा हे सारे शब्द आपल्या घरचे, आणि प्रत्येकाचा मगदूर वेगळा. वसईचा तह ज्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे, त्यांनी तरी तह म्हणजे शांतता असे शिकवू नये. १८०२ च्या अखेरीस बाजीरावाने इंग्रजांशी तो केला आणि १८०३ च्या ऑगस्टात शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांचे युद्ध जुंपलेसुद्धा!

बातमी वाचायला द्याच. पण सही कोणी केली, काय थांबले, काय चालू राहिले, हे विचारल्याशिवाय अर्थ लिहू देऊ नका. दहा शब्दांऐवजी दोनच होतील. होऊ देत.

त्या मुलीच्या वहीतला अर्थ मी स्वतः खोडला. 'गोळीबार थांबवणे' असे लिहिले. तिने विचारले, "किती दिवस?" मी म्हटले, "ते या शब्दात नाही, बाळ." तिने तेही लिहून घेतले.

यंदा त्याच मार्गदर्शकाची नवी आवृत्ती निघाली आहे. सीझफायर : शांतता. मी प्रत परत केली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत.