दुसरं हेल्मेट कुणाचं?

आमच्या घरी गॅसवर दूध ठेवलं की कुणीतरी तिथं उभं राहावं लागतं. सौभाग्यवती दुसऱ्या खोलीत असली आणि दूध करपलं, तरी तिला पत्ता लागत नाही. तिला वासच येत नाही. फोडणी जळल्याचा नाही, मोगऱ्याचा नाही, पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचाही नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम सुरू होता. तालुक्याचा बाजार करून आम्ही दोघं मोटारसायकलवरून परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. समोर उसाची ट्रॉली, तिला मागं दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. गावाच्या फाट्यावर कुणीतरी नवा गतिरोधक घातलेला, त्यावर पांढरे पट्टेही नव्हते. मी ब्रेक दाबला, गाडी उडाली. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली ती मागच्या मागं डांबरावर पडली. वेग तीसच्या वर नव्हता.

डोक्याला आठ टाके पडले. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, की डोक्याला मागून जोराचा दणका बसला तर नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू तुटतात. काहींचे पुन्हा जुळतात. हिचे जुळले नाहीत.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "नशीब बलवत्तर, जिवावरचं बोटावर निभावलं." खरं आहे. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही, ती मीच सांगतो. त्या दिवशी माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. तालुक्याच्या नाक्यावर पोलीस उभे असतात म्हणून मी ते घातलं होतं. तिच्या डोक्यावर फक्त पदर होता. घरात दुसरं हेल्मेट नव्हतंच. कधी घ्यावंसं वाटलंच नाही.

माझं जे झालं तेच आपल्या गावोगावी चाललंय. हेल्मेट ही पोलिसाला दाखवायची वस्तू झालीय. नाका आला की डोक्यावर, नाका गेला की कोपरात नाहीतर टाकीवर. सक्तीवरून मोर्चे निघतात तेही शहरात, जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात निघाले तसे. त्यामुळे हे शहरवाल्यांचं भांडण आहे, आपला काय संबंध, असं आपण धरून चालतो.

संबंध आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरातली अडुसष्ट ग्रामीण भागात गेली. हेल्मेट न घातल्यानं जीव गेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे आणि त्यांतले १४,३३७ जण मागं बसलेले होते. म्हणजे कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचं कॉलेजला जाणारं पोर. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागं बसणारा दोघांनाही हेल्मेट सांगितलंय. पण आपण वाचतो ते निम्माच कायदा.

आता आपली कारणं बघू. "शेतापर्यंत तर जायचंय." अहो, पण कुत्रं आडवं येतं ते शेताच्याच वाटेवर, आणि रानडुक्कर काय हायवे बघून निघतं? "उन्हात डोकं शिजतं." शिजतं, कबूल. पण फवारणीच्या दिवसात तोंडाला फडकं बांधून दिवसभर उन्हात उभे राहणारे आपण, दहा मिनिटं घाम सोसवत नाही म्हणतो? "मागचं ऐकू येत नाही." हॉर्न ऐकू येतो. आणि कानात वायरी घालून गाणी ऐकत जाणाऱ्या पोरानं तरी हे कारण सांगू नये.

हेल्मेट करतं काय, तेही समजून घ्या. वरचं कवच कठीण असतं, आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो थर दबतो आणि दणका स्वतः खातो, म्हणून कवटीपर्यंत कमी पोचतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा २००८ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं, की हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावला पाहिजे. न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

रस्त्याकडेला ढीग मांडून विकतात ती टोपीसारखी हेल्मेटं घेऊ नका. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्या. जून २०२१ पासून असा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. नवी गाडी घेताना हेल्मेट मिळालं पाहिजे, असंही केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. शोरूममध्ये मागून घ्या, लाजू नका.

डोक्याखालीही माणूस असतो. चप्पल घालून गाडी हाकणाऱ्याची बोटं पहिली ठेचतात. पायात बूट आणि अंगात लांब बाह्यांचा जाड सदरा असला की सोलवटणं पुष्कळ वाचतं. मागच्या चाकाशी बसवलेली जाळी "गाडीला शोभत नाही" म्हणून काढणारे बहाद्दर आहेत. ती जाळी नियमानंच दिलेली आहे, पदर चाकात जाऊ नये म्हणून. टाकीवर बसवलेल्या लेकराचंही तसंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे?

खर्चाचं म्हणाल, तर चांगलं हेल्मेट हजार-दीड हजारात येतं. एका डीएपीच्या पोत्याच्या आसपास. म्हशीचा विमा आपण उतरवतो, मोटारीला स्टार्टर बसवतो, द्राक्षावर कागद घालतो. घरातल्या माणसाच्या डोक्यापाशीच हात आखडता का?

माझी दोन मागणी आहेत. दूध संस्था आणि कारखान्यांनी दिवाळीला सभासदाला डबा-पातेलं देण्याऐवजी एखाद्या वर्षी हेल्मेटची जोडी द्यावी, आणि हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला मागं चमकणारी पट्टी लावल्याशिवाय काट्यावर घेऊ नये. दुसरी मागणी तुमच्याकडं. लग्नात जावयाला गाडी देण्याची ऐपत दाखवता, तर लेकीच्या डोक्याचंही बघा. भाऊबीजेला ताटात साडी टाकता, तिच्याशेजारी हेल्मेट टाका.

आपले आजे-पणजे फेट्याशिवाय वेशीबाहेर पडत नसत. उघड्या डोक्यानं जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. आम्ही त्यांची नातवंडं, ऐंशीच्या वेगानं उघड्या डोक्यानं हिंडतो आणि त्यालाच मर्दपणा म्हणतो.

आता आमच्या दाराशी खुंटीला दोन हेल्मेटं असतात. दुसरं उशिरा आलं. तुमच्या घरी ते वेळेवर यावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं.