डोंगर तोच, सोंग नवें

यंदा वैशाखांत अलोऱ्यास आमच्या ओटीवर एक कडाक्याचा वाद झाला. आंब्याचा भाव, नळाचें पाणी व कुंभार्ली घाटांतील खड्डे हे आमच्याकडील वादाचे नेहमींचे विषय. हा वाद मात्र पाळण्यांचा होता. जत्रेंतील लांकडी पाळण्यांचा नव्हे, तर हल्लींचीं मुलें ज्यांना ‘राईड’ म्हणतात त्या अजस्र यंत्रांचा. वादी आमची पुतणी; जन्म व वाढ कॅलिफोर्नियांतील, वय तिशीच्या पुढें. प्रतिवादी आमचा नातू, वय वर्षें दहा, राहणार पुणें. फणसाचे गरे काढीत आम्ही मध्यस्थाच्या जागीं बसलों होतों. ज्या विषयांतलें आपणांस ओ कीं ठो कळत नाहीं त्यांतहि निवाडा देण्याचा सराव पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांला झालेला आहे.

पुतणीचें गाऱ्हाणें असें. लॉस एंजेलिस शहराजवळ १९५५ सालीं उघडलेलें डिस्नेलँड नांवाचें जें प्रसिद्ध क्रीडोद्यान आहे, त्यांत १९८९ सालीं ‘स्प्लॅश माउंटन’ हा एक पोकळ, कृत्रिम डोंगर उभा राहिला. कोरलेल्या ओंडक्यासारख्या होडींत बसावें, डोंगराच्या पोटांतून पाण्यावर तरंगत जावें, दुतर्फा ससा, कोल्हा व अस्वल यांच्या कथेचे देखावे पाहावेत, आणि शेवटीं सुमारें ५० फूट उंचीवरून पाण्यासकट धाडकन खालीं पडावें, असा त्याचा प्रकार. (आमच्या अलोऱ्यास कोयनेचें पाणी डोंगरावरून पडतें तें वीज उत्पन्न करण्याकरितां, पाण्याबरोबर माणसांनींहि पडावें व त्याबद्दल पैसे मोजावेत, ही कल्पना इकडे कोणास सुचली नाहीं.) २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस हा डोंगर बंद झाला आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत पुन्हां उघडला, तों त्यांत ससाहि नाहीं व कोल्हाहि नाहीं! २००९ सालच्या एका चित्रपटांतील टियाना नांवाची राजकन्या तेथें राहावयास आली होती. डोंगर तोच, पाट तोच, पडणेंहि तेंच. सोंग मात्र नवें.

“मग बिघडलं काय?” नातू म्हणाला. “पडायला मिळतं ना?”

त्याचा अनुभव खोपोलीचा. चित्रपटांच्याच धंद्यांतील एका गृहस्थांनीं २०१३ सालीं तेथें इमॅजिका हें उद्यान उघडलें, तेव्हां १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरून एक राईड त्यांत केली होती. खुर्च्या जागच्या जागीं हलतात, समोर पडदा, आणि आपण त्या अदृश्य वीराच्या पाठोपाठ धांवत सुटलों आहों असा भास होतो. ओळखीचा माणूस असला कीं मजा अधिक येते, हा नातवाचा सिद्धान्त. “पण तूं तो सिनेमा पाहिलास कोठें?” असें विचारतां तो गंभीरपणें म्हणाला, “अहो आजोबा, त्या राईडवरूनच तर सिनेमा काढलाय!”

आम्ही मनसोक्त हंसलों. परंतु पुतणी हंसली नाहीं. ती म्हणाली कीं असेंहि घडलेलें आहे. तिच्या त्या डिस्नेलँडमध्यें १९६७ पासून समुद्री चांच्यांची एक राईड आहे. तीवरून २००३ सालीं चित्रपट निघाला, तो धो धो चालला, आणि २००६ सालीं त्या चित्रपटांतील झिंगलेल्या कप्तानाचे पुतळे मूळ राईडींत आणून बसविले. पोटच्या पोरानें परदेशीं पैसा मिळवावा आणि घरीं परत येऊन बापाच्याच पाटावर बसावें, त्यांतली ही तऱ्हा! जुने भक्त रागावले. नव्यांना राग कां यावा हेंच कळेना. त्यांनीं आधीं चित्रपट पाहिलेला, तेव्हां कप्तान नसता तरच त्यांची निराशा झाली असती.

मालकांचा हिशेब उघड आहे. नवीन कथा रचून ती लोकांच्या गळीं उतरविण्यापेक्षां, जी कोट्यवधींनीं अगोदरच पाहिली आहे ती उभी करणें सोपें. शिवाय तिच्या बाहुल्या व अंगरखे बाहेरच्या दुकानांत आयतेच खपतात. यांत अधर्म नाहीं. तथापि एका ठिकाणीं आम्ही तक्रारवाल्यांच्या बाजूचे झालों. फ्लोरिडांतील उद्यानांत देशोदेशींचे विभाग आहेत. त्यांपैकीं नॉर्वेच्या विभागांत १९८८ पासून त्या देशाचीं जहाजें, दर्यावर्दी व दंतकथा दाखविणारा जलप्रवास होता. तो २०१४ सालीं बंद करून २०१६ सालीं तेथें ‘फ्रोझन’ चित्रपटांतील राजकन्या आणल्या. त्यांचें राज्य सर्वस्वीं काल्पनिक असून त्याचें नांव ‘एरंडेल’! हें नांव ऐकतांच आमच्या पिढीच्या माणसाचें तोंड कसें होतें तें वाचकांस सांगावयास नको. विनोद बाजूला ठेवूं. परंतु जो देश नकाशांत आहे तो काढून, जो कोठेंच नाहीं तो त्याच्या जागीं मांडावयाचा, हें भूगोल शिकविलेल्या माणसाच्या पचनीं पडत नाहीं.

येथवर आम्ही निकाल पुतणीच्या पारड्यांत टाकीत आणला होता. मग मनांत आलें कीं सोंगें बदलण्याचें पातक आपल्याकडे काय थोडें झालें आहे? महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत अंगठी नाहीं आणि दुर्वासाचा शापहि नाहीं. तेथें राजा तिला चांगला ओळखतो आणि लोकापवादाच्या भयानें ओळख नाकारतो. अंगठी व शाप हीं कालिदासाची जोड. आणि आज शंभरांतील नव्याण्णवांना तीच मूळ कथा वाटते. खोपोलीच्या वर बोरघाट चढून गेलें कीं मळवली लागते. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें या मळवलीस गेला. तेथून निघालेल्या चित्रांनीं घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतींस एक ठराविक मुखवटा दिला. पुढें १९३६ सालीं प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, आणि कित्येक तसबिरींतले तुकोबा विष्णुपंत पागनिसांसारखे दिसूं लागले. त्यापूर्वीं आमच्या आजोबांच्या मनांत तुकोबा कसे दिसत असतील तें कोण सांगणार? नातवाची चूक आणि आपली चूक यांत मग अंतर तें काय!

अंतर आहे, असें आम्हांला वाटतें, आणि तें जरा सांभाळून सांगावयास हवें. कालिदासानें कथेंत शिरून ती आंतून घडविली. पण तयार डोंगरांत एका कथेच्या जागीं दुसऱ्या कथेचीं माणसें नेऊन बसविलीं, तर डोंगराला त्याचें सोयरसुतक नसतें. तें असतें त्यांतून गेलेल्या माणसाला. शिमग्याच्या खेळांत आमच्याकडे संकासुर येतो. तो कोण, कोठला, हें मुलांना कोणी समजावून देत नाहीं, म्हणून प्रत्येक मूल त्याला स्वतःच्या हिशेबानें भितें व तें भय जन्मभर जपून ठेवतें. उद्यां त्याला एखाद्या बोलपटांतील खलनायकाचा पोशाख चढविला तर मुलें भितील, नाहीं असें नाहीं. पण तें भय आधींच कोणीतरी शिजवून ठेवलेलें असेल. खोपोलीस हा प्रश्न उद्भवला नाहीं, कारण तेथें मुळांतच नवें बांधलें. कोणाची आठवण पुसली नाहीं. गोराईच्या एस्सेल वर्ल्डची गोष्ट वेगळी. तेंहि १९८९ चेंच. तें २०२२ सालीं बंद पडलें. मुंबईच्या ज्या पिढीचें बाळपण तेथें गेलें, तिला सोंगाबद्दल भांडण्याचीहि सोय उरली नाहीं.

हा निकाल आम्ही मोठ्या ऐटीनें देत होतों, तों पुतणी म्हणाली, “काका, बदललं तें योग्यच झालं. बदला म्हणून २०२० सालीं जो अर्ज फिरला, त्यावर माझी सही आहे.”

आम्ही गरा हातांतच धरून बसलों. तिनें मग कारण सांगितलें. ससा-कोल्ह्याच्या त्या गोष्टी मूळच्या गुलामगिरींत पिचलेल्या आफ्रिकी लोकांच्या. परंतु ज्या चित्रपटावरून राईड केली, त्या १९४६ च्या चित्रपटांत मळ्यावरचें जुनें जीवन असें गोड रंगविलें होतें, जणूं तेथें कोणास कांहीं दुःखच नव्हतें. अमेरिकेंत घरीं पाहण्याकरितां तो कंपनीनें कधीं विकावयास काढला नाहीं. शिवाय राईडींतील पुष्कळशीं हलतीं जनावरें १९८८ सालीं बंद पडलेल्या दुसऱ्या एका खेळांतून उचललेलीं! म्हणजे ज्याला ती मूळ समजून रडत होती तेंहि उसनें सोंगच होतें, आणि हें सर्व तिला ठाऊक होतें.

“मग आत्या, तूं रडलीस कशाला?” नातवानें विचारलें.

तिनें पर्समधून एक छायाचित्र काढलें. पडण्याच्या नेमक्या क्षणीं तेथील यंत्र आपोआप चित्र घेतें, त्यांतलें हें १९९९ सालचें. पुढच्या बैठकीवर आठ वर्षांची ती स्वतः, तोंड उघडें, हात वर. तिच्या मागें आमचा दादा, दोन्ही हातांनीं दांडी आवळलेली, डोळे गच्च मिटलेले. त्याच उन्हाळ्यांत दूरध्वनीवरून “अरे, त्यांत भिण्यासारखं कांहीं नसतं” असें आम्हांला सांगणारा हाच तो! २०२१ सालीं दादा गेला. डोंगर बंद होण्याच्या आठवड्यांत ती तेथें गेली, कित्येक तास रांगेंत उभी राहिली, आणि मागल्या बैठकीवर एकटी बसली.

छायाचित्र हातोहात फिरलें. आमच्या सौभाग्यवतीनें तें बराच वेळ पाहिलें व “भावजी जन्माचे भित्रे” एवढेंच म्हणून डोळ्यांना पदर लावला.

“आतां तिथं पडतांना पोटांत तसंच होतं?” नातू.

“माहीत नाहीं. मी अजून गेलें नाहीं.” तिनें अंगणांत चिमणीमागें धांवणाऱ्या आपल्या मुलीकडे पाहिलें. “हिला घेऊन जायचं आहे. पण चाळीस इंच उंची लागते.”

हें ऐकतांच नातू फूटपट्टी आणावयास पळाला. आमच्या माजघराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या व दादाच्या लहानपणच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. गतवर्षीं घराला रंग दिला तेव्हां तेवढी चौकट आम्ही रंगाऱ्याकडून मुद्दाम सोडवून घेतली होती. पोरीला तेथें उभें केलें, डोक्यावर पट्टी आडवी धरली. छत्तीस भरली. चार इंच कमी. दादाच्या सर्वांत खालच्या खुणेहून ती बोटभर उंच होती. तेथें नवी रेघ ओढून नातवानें शेजारीं तारीख घातली.