एवढं सांगायला लाजू नका!

मैत्रिणींनो, आज जरा अवघड विषय काढतेय. चारचौघींत आपण बोलत नाही, असा.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना लघवीतून लाल जायला लागलं. दुखणं-खुपणं काही नाही. वय पन्नाशीचं, पाळी जाताना असं व्हायचंच, म्हणून त्या गप्प राहिल्या. मग ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. लाली थांबली आणि दोन महिन्यांनी पुन्हा आली. तेव्हा कुठे मला म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस हं!”

इथेच आपण चुकतो. लघवीतून रक्त एकदाच, तेही न दुखता गेलं, तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नव्हे.

लघवी तपासून, सोनोग्राफी करून डॉक्टरांनी दुर्बिणीतून मूत्राशय बघायचं ठरवलं. जाऊबाईंनी धसकाच घेतला. पण पूर्ण भूल नाही, रात्रीचा मुक्काम नाही. त्यांना तर चहा-नाश्ता करून यायला सांगितलं होतं! कमरेखाली चादर घालून, गुडघे दुमडून झोपवतात. लघवीच्या जागी बधिर करणारी जेली लावून पेन्सिलीहून बारीक, लवचिक नळी आत सरकवतात. पिशवी नीट दिसावी म्हणून सलाइन सोडतात; तेव्हा लघवीला लागल्यासारखं वाटतं. श्वास सावकाश घ्यावा, अंग सैल सोडावं. पाच-दहा मिनिटांत काम संपतं. जवळ सिस्टर हवी असेल तर खुशाल सांगावं.

आधी हे जरूर सांगा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, लघवीला जळजळ आहे का. जंतुसंसर्ग असला तर तपासणी पुढे ढकलतात.

नंतर एक-दोन दिवस थोडी आग होते, लघवी गुलाबीसर दिसते. पाणी भरपूर प्यावं. मात्र थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

जाऊबाईंच्या पिशवीत लहानशी गाठ निघाली. ती नंतर भूल देऊन, पोटावर टाका न घालता, लघवीच्याच मार्गाने काढली. कर्करोगाची सुरुवात होती, वेळेवर सापडली. ती पुन्हा होऊ शकते, म्हणून ठरलेल्या तारखांना दुर्बिणीची तपासणी करावीच लागते. पहिल्यांदा माझा हात घट्ट धरून गेलेल्या जाऊबाई आता येताना भाजी घेऊन येतात!

तेव्हा घरात कुणी असं काही लपवत असेल, तर आज जेवणं आटोपल्यावर हळूच विचारा. आणि लपवणाऱ्या तुम्हीच असाल, तर उद्याच दवाखाना गाठा.